सतरा नंबरचा मका

हॅगरबीत मका लावायची गरज आजवर कुणालाच वाटली नव्हती. गावाच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला बंद पडलेली कोळशाची खाण आणि मधल्या जागेत वर्षाचे अकरा महिने वारा. अशा ठिकाणी देवानं माणसाला बटाटे, कोबी आणि लीक दिले आणि माणसानं ते मुकाट्यानं घेतले. लीक म्हणजे कांद्याचाच भाऊ, पण उंच, गोरापान आणि स्वतःला फार समजणारा. हॅगरबीतले पुरुष बायकोचा वाढदिवस विसरतील, पण लीकला शेवटचं खत कधी घातलं ते तारीख-वारानिशी सांगतील. बायकांनीही ते मनावर घेणं कधीच सोडून दिलं आहे.

अशा गावात क्लिफर्ड ट्युलिपनं मका लावला. का लावला, ते आता सांगायलाच हवं.

क्लिफर्डनं छत्तीस वर्षं बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे नोकरी केली. छत्तीस वर्षं माणूस दुसऱ्यांच्या छत्र्या दुसऱ्यांना परत देत बसला, की त्याला स्वतःचं असं काहीतरी असावंसं वाटू लागतं. म्हणून त्यानं गावाच्या भाजीमळ्यात नाव घातलं. भाजीमळा नगरपालिकेचा. त्याचे चाळीस तुकडे पाडून ते भाड्यानं दिलेले, आणि एक तुकडा रिकामा व्हायचा तर कुणीतरी मरावं लागतं किंवा मुलीकडे दक्षिणेत राहायला जावं लागतं. हॅगरबीत या दोन्ही गोष्टी सारख्याच दुःखाच्या मानतात. नऊ वर्षांनी क्लिफर्डचा नंबर लागला. सतरा नंबरचा तुकडा. पत्र आलं त्या दिवशी तो ते पत्र घेऊन तीनदा मळ्यावर जाऊन आला. तुकड्यात गुडघाभर तण होतं आणि दार न लागणारं एक खोपटं होतं. क्लिफर्ड त्या खोपट्यात उलट्या बादलीवर बसला आणि त्याला इतकं बरं वाटलं की घरी जाऊन बायकोला सांगताना त्याला दोनदा नाक शिंकरावं लागलं.

"बादलीवर?" थेल्मा म्हणाली. "घरात चार खुर्च्या आहेत, त्यांवर बसून तुला कधी एवढं भरून आलं नाही ते!"

पण तुकडा मिळाला म्हणजे आपला झाला, असं नव्हे. मळ्याचे सेक्रेटरी मिस्टर स्नेडन यांच्याकडे एक हिरवी वही होती आणि त्या वहीत एकेचाळीस नियम होते. त्यांतला चौदावा नियम असा : नव्या माणसानं एप्रिलमध्ये एका पिकाचं नाव लिहून द्यायचं आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, गावच्या भाजी-प्रदर्शनात, तेच पीक टेबलावर मांडायचं. मांडलं तर तुकडा कायमचा. नाही मांडलं, तर यादीत ज्याचं नाव पुढे असेल त्याला.

"काय लिहू?" मिस्टर स्नेडननी विचारलं. मळ्याच्या लाकडी कचेरीत ते टेबलामागे बसले होते. कोपऱ्यात शेगडीजवळ जॅकी लम्सडेन पाइप भरत होता. जॅकीचं वय ऐंशी, त्यातली चाळीस वर्षं खाणीत आणि उरलेली अठरा नंबरच्या तुकड्यात गेलेली. त्याच्या लीकपुढे गावातले लोक टोपी काढत.

क्लिफर्ड 'बटाटे' म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात जॅकी शेगडीकडे बघून म्हणाला, "बटाटे लिहील."

बस्स. नुसतं एवढंच. त्यात शिवी नव्हती, टोमणा नव्हता. पण छत्तीस वर्षं लोकांच्या छत्र्या सांभाळलेल्या माणसाला कोणता शब्द कुठे लागेल ते सांगता येत नाही. क्लिफर्डच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मका," तो म्हणाला.

जॅकीचा पाइप भरता भरता राहिला.

"मका?" मिस्टर स्नेडननी चष्मा काढला. "डब्यात मिळतो तो?"

"डब्यात जायच्या आधीचा."

"इथे?" जॅकीनं विचारलं.

"इथेच!" क्लिफर्ड म्हणाला आणि त्यानं सही ठोकली.

दारापर्यंत जाईस्तोवर त्याची धुंदी उतरली होती. तो मागे वळला. "मिस्टर स्नेडन, समजा उद्या मला हे बदलावंसं वाटलं..."

"अर्ज करा. समितीपुढे ठेवू."

"समिती कधी बसते?"

"ऑक्टोबरात," मिस्टर स्नेडननी प्रेमळपणे सांगितलं.

घरी येताना क्लिफर्डनं वाचनालयातून तीन पुस्तकं आणली. तिन्ही पुस्तकं दक्षिणेतल्या लोकांनी लिहिलेली होती आणि त्यांतला सूर्य हॅगरबीला ओळखत नव्हता. पण एका गोष्टीवर तिघांचं एकमत होतं : थंड हवेत मक्याचं बी थेट जमिनीत टाकू नये, घरात उबेला रुजवावं, आणि मक्याच्या मुळाला लांब जागा लागते, म्हणून संडासातल्या कागदाच्या गुंडाळीमध्ये जी पुठ्ठ्याची नळी असते, तिच्यात माती भरून एकेक बी पेरावं. नळीसकट रोप लावलं की मूळ दुखावत नाही. क्लिफर्डनं हिशोब केला. त्याला चाळीस नळ्या हव्या होत्या. घरात माणसं दोन, आणि दोघांचीही पोटं कधी कुरकुर न करणारी.

मग तो गल्लीत घरोघरी गेला. "तुमच्याकडे संडासातल्या नळ्या असतील का हो? रिकाम्या?" त्यानं अतिशय सभ्यपणे विचारलं. कशासाठी ते सांगितलं नाही, कारण मका हे गल्लीत तरी अजून त्याचं गुपित होतं. लोकांनीही विचारलं नाही, कारण हॅगरबीत असं कुणी विचारत नाही. मनातल्या मनात तर्क करतात. नळ्या तरी कमी पडल्या. तेव्हा त्यानं दुकानातून दोन डझन गुंडाळ्या आणल्या आणि बैठकीच्या खोलीत बसून कागद उलगडत गेला. त्या आठवड्यात थेल्मा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे खोकल्याच्या गोळ्या आणायला गेली, तर त्यानं सहा बायकांसमोर हळहळत विचारलं, "मिस्टर ट्युलिप आता कसे आहेत? अजून पातळच होतंय का?"

थेल्मा घरी आली ती दाणदाण पावलं टाकतच. "क्लिफर्ड, शेजारच्या बाईनं सूप पाठवलंय. बिनमसाल्याचं. तुझ्यासाठी!"

"किती चांगली माणसं आहेत," क्लिफर्ड म्हणाला आणि सूप प्यायला.

नळ्या ठेवल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, जिथे थेल्माचे टॉवेल असत. टॉवेल बाहेर आले. दहा दिवसांनी चाळीसपैकी सदतीस नळ्यांतून हिरवी टोकं वर आली, तेव्हा क्लिफर्डनं थेल्माला हाक मारून ती दाखवली. थेल्मा ओल्या केसांनी, हातात ओला टॉवेल घेऊन बघत राहिली. "गवत आहे," ती म्हणाली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनं ते खरंच होतं, पण क्लिफर्डला लागलं.

पुढे मे महिनाभर ती रोपं सकाळी परसात आणि चहाच्या वेळी परत घरात, अशी त्याची फेरी चालली. रोपांना बाहेरच्या हवेची हळूहळू सवय करावी लागते. क्लिफर्डला सवय झाली नाही. त्याची कंबर धरली. जूनच्या पहिल्या आठवड्यात रोपं तुकड्यात लावायची वेळ आली.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण सगळ्या रामायणाचं मूळ इथेच आहे. हॅगरबीच्या मळ्यात माणसाची लायकी त्याच्या ओळीवरून ठरते. पीक नंतर बघतात. आधी ओळ सरळ आहे का ते बघतात. वाकडी ओळ लावणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला लोक दोनदा विचार करतील. क्लिफर्डनं दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, आणि तुकड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, समुद्राकडे तोंड करून, सदतीसच्या सदतीस रोपं एका ओळीत लावली. दोन रोपांमधलं अंतर लाकडी पट्टीनं मोजलं. सकाळी नऊला सुरू केलं ते दुपारी तीनला संपलं. पलीकडे जॅकी लम्सडेन कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून सहाही तास बघत होता. क्लिफर्डनं कंबर सरळ केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

जॅकीनं एक डोळा मिटून ओळीवरून नजर टाकली. "सरळ आहे," तो म्हणाला.

जॅकी लम्सडेननं गेल्या वीस वर्षांत कुणाला एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं. क्लिफर्ड तरंगतच घरी गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात समुद्रावरून गार धुकं आलं आणि चार दिवस हललं नाही. सोळा नंबरच्या तुकड्यात पॅलिस्टरबाई राहत. राहत म्हणजे, झोपायला तेवढ्या घरी जात. बाईंकडे कोबी होता आणि सल्ले होते, आणि दोन्ही त्या न मागता देत.

"अरे, पोरं काकडली बघ तुझी," त्या कुंपणावरून म्हणाल्या. "काहीतरी पांघरूण घाल. माझ्या मावशीनं एकदा भोपळ्याला तिची लग्नातली जाळी घातली होती."

"मग आला का भोपळा?"

"भोपळा नाही आला. पण जाळी फार शोभत होती."

क्लिफर्डला दुसरं काही सुचेना. त्यानं घरातले जाळीचे पडदे काढून आणले आणि रोपांवर घातले. आता, ज्या गल्लीत जाळीच्या पडद्याशिवाय खिडकी म्हणजे कपड्याशिवाय माणूस, त्या गल्लीत थेल्माला चार दिवस मागच्या खोलीत जेवावं लागलं. पाचव्या दिवशी ऊन पडलं. पडदे परत आले, त्यांच्यासोबत गोगलगायीही आल्या. थेल्मानं त्या एकेक वेचून क्लिफर्डच्या चहाच्या बशीत ठेवल्या. पण सदतीसपैकी बत्तीस रोपं जगली आणि जुलै संपता संपता ती क्लिफर्डच्या खांद्याला लागली. गावातले लोक रविवारी प्रार्थनेनंतर मळ्यावर येऊन कुंपणाशी उभे राहू लागले. क्लिफर्ड उगीचच मक्यामध्ये फावडं घेऊन इकडून तिकडे जाई. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याच्याकडे काहीही न हरवता आले होते.

ऑगस्टमध्ये शेंड्याला तुरे आले आणि खाली कणसांना रेशमी केस फुटले. त्या दिवशी जॅकी कुंपणाशी आला, पाइप पेटवला, आणि म्हणाला, "मका चौकोनात लावतात."

"काय?"

"चौकोनात. दाटीवाटीनं. तुऱ्यातली भुकटी वाऱ्यानं खालच्या केसांवर पडते, तेव्हा दाणा भरतो. एका ओळीत लावला की भुकटी वाऱ्याबरोबर जाते." त्यानं पाइपानं सोळा नंबरकडे खूण केली. "पॅलिस्टरबाईंच्या कोबीवर."

क्लिफर्डच्या हातातली झारी खाली पडली. "जॅकी! तुम्हाला हे माहीत होतं?"

"खाणीतल्या एका दोस्तानं सांगितलेलं. त्याचा भाऊ कॅनडात होता."

"मग लावताना का नाही सांगितलंत? सहा तास उभे होता तुम्ही!"

जॅकीला या प्रश्नाचं खरोखर आश्चर्य वाटलं. "तू विचारलंस कुठे?"

यात त्याचं काही चुकलं, असं हॅगरबीतला एकही माणूस म्हणणार नाही. न विचारता दुसऱ्याच्या तुकड्यात नाक खुपसायचं नाही, हा नियम हिरव्या वहीत नाही, कारण तो लिहायची गरजच कधी पडली नाही. पॅलिस्टरबाई या नियमाला अपवाद. पण त्यांना मक्याबद्दल काही माहीत नव्हतं.

आता उपाय एकच होता : तुऱ्यातली भुकटी हातानं गोळा करायची आणि एकेका कणसाच्या केसांना लावायची. त्याला मऊ ब्रश हवा. घरात मऊ ब्रश एकच होता आणि तो थेल्माच्या आरशापुढे, पावडरच्या डबीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिफर्ड स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन मळ्यावर गेला, स्टुलावर चढला, कागदाच्या पिशवीत तुरे झटकले आणि खाली उतरून गुलाबी दांड्याच्या ब्रशनं मक्याच्या केसांना हळुवार पावडर लावू लागला. हे काम वाऱ्याच्या आत, सकाळीच करावं लागतं, आणि तीच वेळ शाळेत जाणाऱ्या पोरांची, दूधवाल्याची आणि पाद्र्याची.

"गुड मॉर्निंग, मिस्टर ट्युलिप," पाद्री म्हणाला आणि जरा भरभर चालू लागला.

तिसऱ्या दिवसापासून पॅलिस्टरबाई दोन मैत्रिणींना आणि चहाच्या थर्मासला घेऊन बसू लागल्या. "त्या टोकाच्या बाईला थोडी लाली पण लाव रे," एकजण ओरडली. क्लिफर्डनं तिकडे पाहिलं नाही. माणसाला अपमान गिळायचा असेल तर हातात काम असावं, हे त्याला त्या आठवड्यात समजलं. घरी थेल्मानं रविवारी प्रार्थनेला जाताना तोंडाला पावडर लावली आणि ती पिवळी दिसली.

बत्तीस झाडांपैकी नऊ झाडांवर एकेक बऱ्यापैकी कणीस धरलं. नऊ! प्रदर्शनाला लागणार होती तीन. मक्यासाठी वेगळं टेबल नव्हतंच. त्याला 'इतर भाजी, एकसारखे तीन नग' या टेबलावर बसायचं होतं. क्लिफर्ड रोज संध्याकाळी कणसं मोजून घरी येई आणि झोपायच्या आधी परत मनात मोजी.

मग पिकलं का नाही हा प्रश्न निघाला. पुस्तकात लिहिलं होतं की साल जराशी बाजूला करून दाण्याला नख लावावं. पांढरा चीक आला तर कणीस तयार. हे वाक्य क्लिफर्डनं कचेरीत सहज बोलून दाखवलं आणि तिथेच घात झाला. हॅगरबीची माणसं सल्ला देत नाहीत, पण मदतीला मागे हटत नाहीत. क्लिफर्ड जेवायला घरी गेला की एकेकजण येऊन, त्याला त्रास नको म्हणून, परस्पर नख लावून बघू लागला.

"अजून पाणीच आहे," एकानं रस्त्यात सांगितलं.

"काल पाणी होतं, आज जरा गढूळ वाटलं," दुसरा म्हणाला.

"मी दोन्हीकडून बघितलं," पॅलिस्टरबाई म्हणाल्या. "एका बाजूनं विश्वास ठेवू नये."

क्लिफर्ड धावत गेला. नवांपैकी चार कणसांचं तोंड देवी आल्यासारखं झालं होतं. त्यानं 'कृपया नख लावू नये' अशी पाटी लावली. तासाभरात मिस्टर स्नेडन हजर. "मिस्टर ट्युलिप, पाटी लावायला परवानगी लागते."

"ऑक्टोबरात का?" क्लिफर्डनं विचारलं.

"तुम्हाला नियम पाठ होऊ लागलेत," मिस्टर स्नेडन कौतुकानं म्हणाले.

उरली पाच. प्रदर्शनाला आठ दिवस. आणि शुक्रवारी सकाळी क्लिफर्ड मळ्यावर गेला, तर ओळीतला अर्धा मका जमिनीवर निजलेला. कणसं सोलून, दाणे खाऊन, बुडखे एका जागी नीट रचून ठेवलेले. आणि खोपट्याच्या भिंतीखाली एक भोक, ज्यात क्लिफर्डची बसायची बादली आरामात गेली असती.

"बॅजर," जॅकी म्हणाला. तोंडावर काळे-पांढरे पट्टे, अंगानं जाडजूड, पंजे फावड्यासारखे. हा प्राणी दिवसा दिसत नाही, रात्री काहीच सोडत नाही, आणि या देशात कायद्याचं त्याच्यावर माणसापेक्षा जास्त प्रेम आहे.

क्लिफर्डनं वन्यप्राण्यांच्या कचेरीत फोन लावला. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला. "बॅजर? तुमच्या खोपट्याखाली? अभिनंदन, मिस्टर ट्युलिप!"

"अहो, तो माझा मका खातोय!"

"म्हणजे रमला तो!" बाई आनंदून म्हणाल्या. "आता त्या भोकाच्या आसपास खणायचं नाही, भोक बुजवायचं नाही, त्याला हाकलायचं नाही, आणि शक्यतो मोठ्यानं बोलायचं नाही. मी फॉर्म पाठवते."

फॉर्म आला, सात पानांचा. त्यात 'प्राण्याचा स्वभाव' असा एक रकाना होता. क्लिफर्डनं लिहिलं, 'आपमतलबी'. त्याच दिवशी मिस्टर स्नेडन हिरवी वही घेऊन आले. "नियम बावीस. तुकड्यात पोटभाडेकरू ठेवता येणार नाही."

"तो भाडं देत नाही!" क्लिफर्ड किंचाळला.

"मग नियम तेवीस. फुकट राहणारा पाहुणा."

आता तीनच कणसं उभी होती. फक्त तीन. एक जरी गेलं तरी तुकडा गेला, बादली गेली, दार न लागणारं खोपटं गेलं, नऊ वर्षं गेली. कुंपण घालायला परवानगी हवी होती. कुठल्या महिन्यात मिळते ते विचारायच्या भानगडीत क्लिफर्ड पडला नाही. त्यानं आयुष्यात प्रथमच कुंपणाशी जाऊन विचारलं, "जॅकी, काय करू?"

विचारलं म्हटल्यावर जॅकीनं लगेच सांगितलं. "माणसाचं पाणी. पुरुषाचं. सभोवार शिंपडायचं. त्या वासाला तो जवळ येत नाही."

"माणसाचं... म्हणजे?"

"म्हणजे तेच."

क्लिफर्ड तीन दिवस खोपट्यात बसून चहा पीत होता. चहा आत जाई, आणि काही वेळानं क्लिफर्ड हिरवी झारी घेऊन मान खाली घालून बाहेर येई आणि त्या तीन झाडांभोवती अदबीनं फिरे. चौथ्या दिवशी पॅलिस्टरबाईंनी हाक मारली.

"काय खत आहे रे ते? मका बघ कसा तुकतुकीत झालाय! थोडं माझ्या कोबीला पण घाल ना."

"ते... संपलं आता," क्लिफर्ड म्हणाला.

"मग परत कर की तयार! घाई नाही मला."

ती तीन कणसं वाचली. झारीमुळे वाचली की बॅजरचं पोट भरलं होतं, ते कुणालाच ठाऊक नाही. शनिवारी सकाळी क्लिफर्डनं ती हातानं तोडली आणि टॉवेलात गुंडाळून प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नेली. थेल्मा बरोबर होती. तिनं निळा कोट घातला होता. "टॉवेल माझा आहे," ती म्हणाली.

हॉलभर काळ्या कापडावर लीक निजले होते, पांढरेशुभ्र, पुजल्यासारखे. एका कोपऱ्यातल्या टेबलावर क्लिफर्डची तीन कणसं. मधे मधे दाणे नव्हते, म्हाताऱ्याच्या बत्तिशीसारखी ती दिसत होती. पण तिन्हींच्या फटी जवळपास सारख्याच जागी होत्या, तेव्हा 'एकसारखे तीन नग' म्हणायला हरकत नव्हती. अकरा वाजता परीक्षक आले. मिस्टर फॉदरगिल, शेजारच्या तालुक्याचे, सदतीस वर्षं लीक तपासलेले, हातात पितळी मोजपट्टी. ते क्लिफर्डच्या टेबलाशी थांबले आणि बराच वेळ थांबले.

"हे मी कधी तपासलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "परीक्षकाला अपरिचित असलेली भाजी चाखून बघावी, असं पुस्तकात आहे. एक नग शिजवून आणा."

चहाच्या काउंटरवर पॅलिस्टरबाईच होत्या. त्यांनी एक कणीस उकळत्या पाण्यात टाकलं, सहा मिनिटांनी काढलं आणि वर बोटभर लोणी सोडलं. हॉलमधले सगळे गोल करून उभे राहिले. मिस्टर फॉदरगिलनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग त्यांनी मोजपट्टी खिशात ठेवली, कणीस दोन्ही हातांनी धरलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खात गेले. लोणी त्यांच्या टायवर गळत होतं. डोळे मिटलेले होते.

"मिस्टर ट्युलिप," ते रुमालानं तोंड पुसत म्हणाले, "सदतीस वर्षांत यापेक्षा चांगली भाजी माझ्या तोंडाला लागलेली नाही."

क्लिफर्डच्या डोळ्यांत पाणी आलं. जॅकी लम्सडेननं टोपी काढली. मिस्टर फॉदरगिल टेबलाकडे वळले आणि त्यांनी बोटानं मोजलं. "एक. दोन." मग त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं, त्यावर काहीतरी लिहिलं आणि कणसांपुढे उभं केलं. कार्डावर होतं : 'नियमाप्रमाणे नाही. नग तीन हवेत.'

क्लिफर्डनं कार्ड दोनदा वाचलं.

"तिसरा तुम्ही खाल्लात!" क्लिफर्डला आपलाच आवाज ओळखू आला नाही.

"खाल्ला ना. अप्रतिम होता," मिस्टर फॉदरगिल मनापासून म्हणाले. "पण मी टेबलावर जे आहे त्याची परीक्षा करतो. टेबलावर दोन आहेत."

क्लिफर्डनं मिस्टर स्नेडनकडे पाहिलं. मिस्टर स्नेडन वही उघडून बसलेच होते. "नियमाप्रमाणे नाही, म्हणजे मांडलं नाही, असंच धरतात," ते म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते त्यांच्या नाकावरून कळत होतं. "चौदावा नियम. सतरा नंबर यादीतल्या पुढच्या माणसाला."

"अरे स्नेडन," जॅकी पुढे आला, "जरा माणुसकी ठेव!"

मिस्टर स्नेडननी प्रामाणिकपणे पानं चाळली. "तसा नियम नाही," ते म्हणाले.

क्लिफर्डनं खिशातून खोपट्याची किल्ली काढली. दारच लागत नसल्यामुळे ती कधी वापरली नव्हती, पण तो रोज बरोबर ठेवी. त्यानं ती टेबलावर ठेवली. मिस्टर स्नेडननी बंद पाकिटातून यादी काढली, कारण यादी कुणाला दाखवायची नाही असाही एक नियम होता, आणि चष्मा सारखा केला.

"पुढचं नाव. ट्युलिप, थेल्मा."

निळ्या कोटाची बाई गर्दीतून पुढे झाली आणि तिनं किल्ली उचलली.

"तू?" क्लिफर्ड म्हणाला. "तू कधी नाव घातलंस?"

"नऊ वर्षांपूर्वी. तू घातलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

"पण का?"

"तू आदल्या संध्याकाळी घरी येऊन म्हणालास, एकदा नंबर लागू दे, पुढचं सगळं माझ्यावर सोड." थेल्मानं किल्ली पर्समध्ये टाकली. "मी तुला ओळखते रे. म्हटलं, दोन नावं असलेली बरी."

"एका घरात एकच तुकडा देता येतो," मिस्टर स्नेडन पानावर बोट ठेवून म्हणाले, "पण आता या घरात एकही नाही. म्हणजे नियमाप्रमाणेच आहे." आणि इतक्या वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं ते झालं : मिस्टर स्नेडन हसले. मग पुन्हा गंभीर होऊन त्यांनी नवा फॉर्म काढला. "पीक?"

"कांदे," थेल्मा म्हणाली. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"तुकड्यात बिनपगारी मदतनीस म्हणून कुणाचं नाव घालायचं?"

थेल्मा वळली आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. क्लिफर्डनं टाय सरळ केला, पोट आत घेतलं, आणि छत्तीस वर्षांच्या नोकरीत साहेबापुढे कधी उभा राहिला नव्हता इतका ताठ उभा राहिला. पॅलिस्टरबाईंनी हातातली चहाची किटली खाली ठेवली.

"क्लिफर्ड लिहा," थेल्मा म्हणाली. "पण पेन्सिलनं लिहा."